स्थानिक इतिहासाच्या दालनातल्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक छापून आला. लेखाखाली तुमचे आभार छापायचे म्हटलं तर तुम्ही पेन्सिलीने सरळ ओळच खोडलीत. म्हणून हे पत्र. नाव घालत नाही, म्हणजे तुमचा शब्द मोडला असं होणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. कॅनडातल्या या किचनर गावच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं वाचत बसणाऱ्या मराठी काकू किती असणार?

संपादकांनी मला दोन पानं दिली होती, विषय ‘आपल्या गावाला किचनर हे नाव कसं मिळालं’. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं होतं. १९१६ पर्यंत गावाचं नाव बर्लिन, मग जर्मनीशी युद्ध, मग नाव बदललं, झालं. तुमच्याकडे मी आले ती फक्त एक जुना फोटो मागायला. तुम्ही फोटो दिला नाहीत. मायक्रोफिल्मचं रीळ यंत्रावर चढवलंत, खुर्ची ओढून दिलीत आणि म्हणालात, “मे महिन्यापर्यंत फिरव. घाई नको, जाहिरातीपण वाच.”

जाहिरातींमुळेच मला ते गाव पहिल्यांदा दिसलं. बूट, फर्निचर, कातडी, रबर, बटणं. १९१२ ला शहराचा दर्जा मिळालेलं, जेमतेम १९ हजार वस्तीचं कारखान्यांचं गाव, आणि त्यातली बहुतेक माणसं जर्मन वंशाची. कित्येकांच्या दोन-तीन पिढ्या इथेच गेलेल्या. मालावर ‘बर्लिन’ असा शिक्का असला की बाहेरचं गिऱ्हाईक बिथरायचं, म्हणून नाव बदलण्याच्या मागणीत व्यापाराची चिंताही होती. हे मला इंटरनेटवरच्या गोष्टीत कुठे सापडलं नव्हतं.

मग १९ मेच्या मतदानाचा निकाल आला. बदलाच्या बाजूने १,५६९, विरोधात १,४८८. फरक ८१ मतांचा. ‘गावाने नाव बदललं’ हे माझं वाक्य तिथेच लंगडं पडलं. पुढे जूनअखेर नवं नाव निवडायला पुन्हा मतदान झालं. यादीत कॅनडा उलटं लिहून केलेलं ‘अॅडॅनॅक’ही होतं, आपण दोघी हसलो होतो ते आठवतं ना? मतं पडली फक्त ८९२. त्यांतली ३४६ ‘किचनर’ला, ३३५ ‘ब्रॉक’ या नावाला. मी म्हटलं, अकरा मतांनी! तुम्ही म्हणालात, “अकरा सोड. मेमध्ये तीन हजारांवर लोक आले होते. ते जूनमध्ये कुठे गेले, ते लिही.” माझा सगळा लेख त्या एका प्रश्नावर उभा आहे.

ज्याचं नाव घेतलं तो लॉर्ड किचनर नुकताच, ५ जूनला, ‘हॅम्पशायर’ जहाजाला सुरुंग लागून बुडाला होता. आपल्याला तो ठाऊक आहे वेगळ्या कारणाने. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती, आणि ज्याच्याशी भांडून कर्झनला १९०५ मध्ये राजीनामा द्यावा लागला तो हाच. कर्झनची फजिती करणारा म्हणून शाळेत असताना मला तो थोडा आवडायचाही. तुम्ही शांतपणे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्याच्या सैन्याने चालवलेल्या छावण्यांचं पुस्तक पुढे केलंत. तिथे बायकामुलांचे काय हाल झाले ते वाचल्यावर ती आवड उरली नाही.

गावच्या व्हिक्टोरिया पार्कातल्या जर्मन सम्राट कैसर पहिल्या विल्हेल्मच्या पुतळ्याची गोष्ट मी फार रंगवली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये तो तळ्यात फेकला गेला, बाहेर काढून काँकॉर्डिया या जर्मन मंडळींच्या क्लबात ठेवला, तिथून फेब्रुवारी १९१६ मध्ये कॅनडाच्या सैन्याच्या ११८व्या बटालियनच्या सैनिकांनी उचलून रस्त्यावरून मिरवत नेला. त्यानंतर तो कुणी पाहिला नाही. वितळवून त्याच्या नॅपकिनच्या कड्या केल्या, हे मी बेधडक लिहिलं होतं. समासात तुमचं वळणदार अक्षर: ‘असं म्हणतात’ घाल. अशा समासातल्या टिपा मी जपून ठेवल्यात. ‘कुठून घेतलंस?’ तर जवळजवळ प्रत्येक पानावर आहे.

पुतळ्यापेक्षा तुम्हाला माणसांचं जास्त पडलं होतं. सेंट मॅथ्यूज लुथरन चर्चचे पाद्री टॅपर्ट, ज्यांना त्याच बटालियनच्या सैनिकांनी मार्चमध्ये घरातून ओढून रस्त्यावर आणलं, त्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहिली होती. तुम्ही परिच्छेद मागितलात. ‘बर्लिनर जर्नल’ हे १८५९ पासूनचं जर्मन साप्ताहिकही तुम्हीच वाचून दाखवलंत. त्या काटेरी गॉथिक टायपात मला ‘एस’ आणि ‘एफ’ एकच दिसत होते. तुम्ही मात्र पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेल्या जर्मनच्या जोरावर बोट फिरवत सरळ मराठीत सांगत होतात. १९१८ च्या शरद ऋतूत सरकारने शत्रूच्या भाषेतला मजकूर छापायला बंदी केली, तेव्हा त्या पत्राला इंग्रजी व्हावं लागलं. आज तेच गाव १९६९ पासून दरवर्षी ऑक्टोबरफेस्ट थाटात करतं आणि आपण सगळे तिथे फोटो काढायला जातो.

इथे लेख संपला, असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, “१९१६ पाहिलंस. आता १९१९ बघ.” आणि संगणकावर राष्ट्रीय अभिलेखागारातली एका शिपायाची फाइल उघडलीत: बक्कम सिंग.

त्या भरतीच्या कागदापाशी आपण बराच वेळ होतो. दोन बाजू, छापील प्रश्न. जन्म कुठे, जवळचा नातेवाईक कोण, धंदा काय, लग्न झालंय का, देवी टोचून घ्यायला तयार आहात का. मागच्या बाजूला उंची, छाती, डोळ्यांचा रंग, आणि धर्माचा रकाना: चर्च ऑफ इंग्लंड, प्रेस्बिटेरियन, रोमन कॅथलिक, ज्यू असे छापील पर्याय, उरलेल्या जगासाठी ‘इतर’. छापणाऱ्याच्या डोक्यात पगडीवाला शिपाई नव्हताच. तुम्ही भिंग बाजूला ठेवून एवढंच म्हणालात, “रकाने नीट वाच. कागद कुणासाठी केलाय ते कळतं.”

पंजाबातल्या माहिलपूरचा हा मुलगा १९०७ मध्ये ब्रिटिश कोलंबियात आला. त्याच वर्षी तिथल्या हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला गेला. तो परत मिळायला १९४७ उजाडलं. १९०८ मध्ये ‘मायदेशातून थेट, एकाच प्रवासात या’ असा नियम आला, तशी थेट बोट मात्र नव्हती. म्हणजे लग्नाची बायको गावीच. हिंदुस्थानी प्रवाशांची ‘कोमागाता मारू’ बोट १९१४ मध्ये व्हँकुव्हरहून परत पाठवली, आणि पुढच्याच वर्षी हा सैन्यात भरती झाला. २०व्या बटालियनमधून फ्लँडर्समध्ये लढला, दोनदा जखमी झाला. ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही युद्धकविता लिहिणारे, आपल्या शेजारच्या ग्वेल्फचे डॉ. जॉन मॅक्रे ज्या रुग्णालयात होते, तिथे त्याच्यावर उपचार झाले. मग क्षयाने गाठलं. २७ ऑगस्ट १९१९ ला फ्रीपोर्टच्या सॅनिटोरियममध्ये, म्हणजे आपल्या गावात, पंचविसाव्या वर्षी गेला. माउंट होप दफनभूमीत पुरला गेला आणि विसरला गेला. २००७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक संदीपसिंग ब्रार यांच्या हाती त्याचं पदक लागलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. आता दर नोव्हेंबरला तिथे मानवंदना होते.

मी विचारलं, याचा नावाच्या भांडणाशी काय संबंध? तुम्ही १९१७ चा युद्धकालीन निवडणूक कायदा पुढे ठेवलात. शत्रुदेशात जन्मलेल्या आणि मार्च १९०२ नंतर नागरिक झालेल्यांचा मताधिकार त्या कायद्याने काढला, आणि त्याच कायद्याने सैनिकांच्या आयाबहिणींना, बायकांना तो दिला. कुणाला आपलं मानायचं याचा हिशेब सरकार कागदावर मांडत होतं. गावातला जर्मन सुतार नागरिक असूनही संशयित, माउंट होपमधला शीख शिपाई साम्राज्यासाठी लढूनही पाहुणा. दोन वेगळे लेख मी एका लेखात आणले ते तुमच्यामुळे, आणि संपादकांनी दोनाची पाच पानं करून दिली तीही त्यामुळेच.

आभार मानायचे ते एवढ्या माहितीसाठी नाहीत. ती आज ना उद्या मिळाली असती. इतकी वर्षं मी या गावात राहून ‘इथला इतिहास’ म्हणजे ‘त्यांचा इतिहास’ असं धरून चालले होते. तुम्ही त्याबद्दल कधी भाषण दिलं नाहीत. फक्त ‘त्यांनी मतदान केलं’ हे वाक्य खोडून वर ‘कोणी?’ लिहिलंत, आणि लेख परत केलात.

अंकाच्या प्रती दालनात तुमच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एक ग्रंथपालांसाठी, मराठी कळत नसलं तरी फोटो त्यांनीच शोधून दिले होते. माउंट होपच्या कार्यक्रमाला या वेळी मंडळातून तीन-चार गाड्या निघतायत, तुम्हाला न्यायला मी येईन, बसने जायचा हट्ट नको. आणि पुढच्या अंकासाठी बटणांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींवर लिहायचं मनात आहे. त्यांच्या पगाराच्या वह्या कुठे मिळतील? फोटो मागत नाहीये.

तुमची,
खोडलेल्या ओळींची मालकीण