कुठला तुकडा कोणाच्या रक्तात चालतो?

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातली ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर पेप्टाइड लस’ (म्हणजे विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे टोचून झालेल्या आजाराशी लढायचा प्रयत्न) ही बातमी वाचून आमच्या चाळीतली एक मुलगी संध्याकाळीच दारात आली. “काकू, आईला ती लस आता देता येईल का?” आईचं निदान गेल्या महिन्यात झालंय. तिच्या मनात होती ती मुलींना देतात ती सर्व्हाव्हॅक. ती हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. गाठीच्या पेशींत ते कवचच नसतं, त्यामुळे झालेली गाठ तिने जात नाही. हे तिला सांगताना माझा जीव तुटला. बातमीत एवढी एक ओळ हवी होती.

परळच्या एका लॅबमध्ये मी २९ वर्षं टिश्यू टायपिंग केलं. किडनी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं एचएलए, म्हणजे पेशींवरची माणसागणिक वेगळी असणारी प्रथिनं, जुळतं का, हे टेरासाकी प्लेटच्या इवल्या खळग्यांत मायक्रोलिटरने रक्तपेशी सोडून बघायचो. दिवसाला दहा रक्तं आली तर दहाही वेगळी. पेप्टाइड लसीची सगळी गोम याच एचएलएत आहे. एचपीव्हीच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराची ई६ आणि ई७ ही प्रथिनं असतील तरच गाठ तगते. गाठीची पेशी या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलएवर मांडून बाहेर दाखवते, ते ओळखून टी पेशी (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिला मारतात. मात्र एकीच्या एचएलएत बसणारा तुकडा दुसरीच्या एचएलएत बसेलच असं नाही.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी लांब पेप्टाइडं वापरली, म्हणजे शरीर आपल्याला हवा तो तुकडा कापून घेतं. २००९ साली त्यांनी छापलं: योनीमुखावर कर्करोगपूर्व चट्टे असलेल्या १९ जणींपैकी ९ जणींचे चट्टे वर्षभरात पूर्ण गेले. कर्करोगपूर्व, हा शब्द वगळू नये. पण त्या बायका तिकडच्या. आपल्याकडे कोणता तुकडा टी पेशींना जागं करतो, ते आपल्याच बायकांच्या रक्तात बघावं लागेल. ई७ जेमतेम ९८ अमिनो आम्लांचं आहे, काम आवाक्यातलं आहे.

टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या सेविकांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अशा तपासणीत चट्टा सापडलेल्या बाईची संमती घेऊन तिचं थोडं रक्त एचएलए आणि टी पेशींसाठी ठेवावं, एवढं शहरातल्या रुग्णालयांनी ठरवावं. नव्या मुलींना शिकवायला मी विनामोबदला येईन.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, लालबाग