विषय: 'डिलिव्हर्ड' म्हणून दाखवलेले वार्तापत्र वाचकांच्या स्पॅममध्ये जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ईमेल प्रेषण सेवा विभाग

महोदय/महोदया,

आम्ही नाशिक येथील सेबी-नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार असून दर शनिवारी एक मराठी वार्तापत्र आपल्या सेवेमार्फत सुमारे आठ हजार वाचकांना पाठवतो. यांतील बहुतेक पत्ते जीमेलचे आहेत. प्रत्येक वाचकाने स्वतः नाव नोंदवलेले आहे आणि पुष्टीच्या मेलवर क्लिक केल्यानंतरच त्याचा पत्ता यादीत घेतलेला आहे. विकत घेतलेला एकही पत्ता त्यात नाही. असे असूनही गेल्या काही महिन्यांपासून 'अंक आलाच नाही' असे अनेक वाचक कळवत आहेत, आणि शोध घेतल्यावर अंक स्पॅममध्ये सापडत आहे. आपल्या डॅशबोर्डवर मात्र याच काळात 'डिलिव्हर्ड'चा आकडा ९९ टक्क्यांच्या खाली उतरलेला नाही.

या आकड्याबद्दलच आमचा पहिला आक्षेप आहे. समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारून २५० हा संकेतांक परत दिला, की आपण तो मेल पोहोचला असे धरता. स्वीकारलेला मेल पुढे इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅममध्ये, हे जीमेल त्यानंतर ठरवते आणि त्याची नोंद आपल्या अहवालात कुठेच नसते. सेवा घेताना आपल्या विक्री प्रतिनिधींनी हाच आकडा आम्हाला 'इनबॉक्समध्ये जाणारे मेल' म्हणून सांगितला होता. मेल उघडल्याच्या आकड्याचा दाखलाही आपल्याकडून देण्यात आला. हा आकडा मेलमधील चित्र उतरवले गेले की मोजला जातो, परंतु ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून मेलमधील चित्रे वाचकाने अंक उघडण्याआधीच परस्पर उतरवून घेतली जाऊ शकतात, त्यामुळे तो आकडा वाचल्याचा पुरावा ठरत नाही.

आपल्या साहाय्य कक्षाने यावर दिलेला सल्ला तर आम्हाला लेखी उत्तर द्यावे इतका आश्चर्यकारक वाटला. 'परतावा', 'हमी' आणि 'जोखीम' हे शब्द मजकुरातून काढून टाका, असे आम्हाला सुचवण्यात आले. हमखास नफ्याच्या टिप्स आणि झटपट कर्ज देणाऱ्यांनी आमच्या क्षेत्राचे नाव खराब केले आहे आणि मेल गाळणाऱ्या यंत्रणा त्यामुळे अधिक संशयी असतात, हे आम्हाला मान्य आहे. परंतु सेबीच्या २०२३ च्या जाहिरात संहितेनुसार रोखे बाजारातील गुंतवणूक जोखमीच्या अधीन असल्याचा इशारा आम्हाला द्यावाच लागतो, आणि सेबीची नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नव्हे, हेही सांगावे लागते. फसवणूक करणारा जे वाक्य कधीच लिहिणार नाही, तेच वाक्य प्रामाणिक सल्लागाराने गाळावे, असा या सल्ल्याचा अर्थ होतो.

शिवाय दोष शब्दांत नाही. जीमेलमधील 'शो ओरिजिनल' उघडून आम्ही आमच्या अंकांचे शीर्षलेख (मेलसोबत जाणारी तांत्रिक माहिती) तपासले, तेव्हा एसपीएफ (मेल पाठवणारा सर्व्हर अधिकृत आहे का) आणि डीकेआयएम (मेलवरील डिजिटल स्वाक्षरी खरी आहे का) या दोन्ही चाचण्या उत्तीर्ण दिसल्या, पण त्या आपल्या डोमेनच्या नावावर. प्रेषक म्हणून दिसणारे डोमेन आमचे आहे. या दोन्हींपैकी एकही आमच्या डोमेनशी जुळत नसल्याने डीमार्कची, म्हणजे ही जुळणी पाहणारी, चाचणी प्रत्येक अंकात अनुत्तीर्ण होते. दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने आणि मोठ्या प्रेषकांसाठी याहूने ही जुळणी फेब्रुवारी २०२४ पासून आवश्यक केली आहे, आणि मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून तसाच नियम आणला. गूगलच्या हिशेबात एकदा जरी ही मर्यादा गाठली, तरी पाठवणारा कायमचा मोठा प्रेषक ठरतो, म्हणजे यादी तुकड्यातुकड्यांत पाठवण्याचा आपला दुसरा सल्लाही निरुपयोगी आहे. आमच्या डोमेनच्या नावाने डीकेआयएमची स्वाक्षरी करून देण्याची मागणी आम्ही लेखी केली होती. ती सोय वरच्या योजनेत असल्याचे उत्तर मिळाले. नियम पाळण्यासाठी जे किमान आवश्यक आहे, ते जादा शुल्काची सुविधा म्हणून विकणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आमचे मेल ज्या सामायिक आयपी पत्त्यांवरून (आपल्या अनेक ग्राहकांचे मेल ज्यांवरून जातात अशा सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकांवरून) जातात, त्यांतील एक पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत असल्याचे आम्हाला आढळले. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने पाणीपट्टी थकवावी आणि नळ साऱ्या वाड्याचा तोडला जावा, तशी आमची स्थिती झाली आहे. आमच्या आकाराच्या प्रेषकाला स्वतंत्र आयपी परवडत नाही आणि आठवड्यातून एकदाच मेल जात असल्याने त्याची पत टिकवणेही अवघड असते; म्हणूनच सामायिक पत्त्यावर आपण कोणाला घेता, हे आमच्यासाठी इतके महत्त्वाचे आहे. हीच गोष्ट दुव्यांची. क्लिक मोजण्यासाठी आपण आमच्या अंकातील प्रत्येक दुवा आपल्या सामायिक डोमेनवरून वळवता, त्यामुळे त्या डोमेनवरून इतरांनी जे काही पाठवले असेल त्याचा डाग आमच्यावर पडतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र सदस्यत्व रद्द करण्याच्या सोयीने केले आहे. एका क्लिकमध्ये नाव काढता येईल असे शीर्षलेख वार्तापत्रात असावेत आणि विनंती दोन दिवसांत अमलात यावी, असा गूगल आणि याहूचा नियम आहे. आपल्याकडून जाणाऱ्या अंकांत केवळ ईमेल पाठवून नाव काढण्याचा जुना पर्याय असतो, आणि नाव काढलेल्यांची यादी आठवड्यातून एकदाच अद्ययावत होते. परिणामी शुक्रवारी नाव काढलेल्या वाचकाला शनिवारचा अंक जातो आणि तो चिडून 'स्पॅम' दाबतो. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही दाबले असते. त्यातच जीमेल सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढचा मजकूर कापून दाखवते. देवनागरीतील एकेका अक्षरचिन्हाला यूटीएफ-८ या संगणकीय अक्षरसंकेतनात तीन बाइट लागतात आणि आपला साचा त्यावर अनावश्यक कोडचा भार घालतो, म्हणून अंकाच्या तळाशी असलेला रद्द करण्याचा दुवा कित्येकांना दिसतच नाही. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, अशी गूगलची अपेक्षा आहे. ०.३ टक्के म्हणजे हजारांत तीन वाचक. एवढी अरुंद मर्यादा ओलांडायला आपल्या यादीचा एका आठवड्याचा विलंब पुरेसा आहे.

तरी आमच्या डोमेनच्या नावाने डीकेआयएम स्वाक्षरी, मेल परत येण्याचा पत्ता आणि दुवे मोजण्याचे उपडोमेन या तिन्ही गोष्टी सध्याच्याच योजनेत विनाशुल्क सुरू करून द्याव्यात. नियामकाकडे नोंदणी असलेल्या प्रेषकांसाठी वेगळा आयपी गट असल्यास आम्हाला त्यात हलवावे. एका क्लिकचे शीर्षलेख बसवून रद्द केलेली नावे तत्काळ वगळावीत. आणि परत आलेल्या मेलच्या नोंदी सर्व्हरच्या मूळ संकेतांकांसह द्याव्यात. ज्या महिन्यांत जुळणी नसलेले मेल पाठवले गेले, त्या महिन्यांचे शुल्क परत मिळावे, अशीही आमची मागणी आहे.

शीर्षलेखांच्या प्रती आणि साहाय्य कक्षाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास करार संपुष्टात आणला जाईल. त्या वेळी वाचकांची यादी संमतीच्या तारखांसह आणि रद्द केलेल्या नावांची यादी वेगळी करून द्यावी, म्हणजे नव्या सेवेवरून त्या वाचकांना चुकूनही मेल जाणार नाही.

आपला विश्वासू,
प्रोप्रायटर, गुंतवणूक सल्ला सेवा,
नाशिक