मधल्या फळीतल्यांचेही फोटो छापा

महोदय,
आयएसएल या फुटबॉल लीगच्या बातम्यांत फोटो गोल करणाऱ्यांचेच. आपल्या मुंबईच्या, मधल्या फळीत खेळणाऱ्या स्टीव्हन डायसवर कधी सविस्तर लिहिणार? महिंद्र युनायटेडकडून उजव्या बगलेवरून त्याचा क्रॉस, म्हणजे गोलसमोर टाकलेला चेंडू, असा यायचा, की फॉरवर्डने नुसतं डोकं लावायचं! 2010 मध्ये तो संघच बंद झाला. मग चर्चिल ब्रदर्स, पुढे दिल्ली डायनामोज. 2011 च्या आशियाई चषकासाठी भारताच्या संघात असलेला हा खेळाडू गावं बदलत खेळत राहिला.

नायगावात मी पोरांना फुटबॉल शिकवतो. मधल्या फळीत उभं राहायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना गोल करणाऱ्याचा नऊ नंबरच हवा. पास येण्याआधी मान वळवून मागे बघायचं, एवढं अंगवळणी पाडायला महिने जातात. अशा खेळाडूंच्या मुलाखती छापा. मी सरावाआधी त्या पोरांना वाचून दाखवेन.

— एक प्रशिक्षक, नायगाव, मुंबई