तो धूर बॅरलचा नाही, बार्लीचा आहे

नमस्कार संपादक साहेब,

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉचवरचा लेख वाचला, मराठीत या विषयावर कुणीतरी मनापासून लिहितंय बघून खूप बरं वाटलं. पण त्यात म्हटलंय की स्मोकी व्हिस्कीला धुराचा वास जळलेल्या बॅरलमुळे येतो, ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र.

अहो तो धूर बार्लीतच शिरलेला असतो. आपण मटकीला मोड आणतो ना तशीच बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग मोड थांबवायला भट्टीवर वाळवतात, त्या भट्टीत खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ नि झुडपं हजारो वर्षं कुजून दबून झालेली माती, विटांसारखी कापून वाळवायची नि जाळायची. स्कॉटलंडच्या आयला बेटावर झाडं कमी, त्यामुळे पूर्वीपासून तिथलं जळण हेच. बार्ली ओलसर असते तेव्हाच धूर तिला चिकटतो, पूर्ण वाळली की फारसा धरत नाही.

आणि पीपीएमचा (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आकडा मोठा म्हणजे व्हिस्की भारी असंही नका हो लिहू. तो आकडा माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या, फिनॉलचा (धुराचा वास देणाऱ्या रसायनांचा) असतो, बाटलीतला नाही, गाळताना त्यातलं बरंच मागे राहतं. लॅगावूलिन आणि कल ईला या आयलाच्या दोन व्हिस्की, दोघींचा माल्ट तिथल्याच पोर्ट एलन गावच्या एकाच माल्टिंगमधून (माल्ट बनवायच्या कारखान्यातून) येतो, साधारण 35 पीपीएमचा, तरी पहिली जड आणि दाट, दुसरी हलकी नि स्वच्छ लागते, कारण गाळायच्या भांड्यांचा आकार वेगळा नि गाळायची पद्धत वेगळी. शिवाय बॅरलमध्ये वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो, त्यामुळे जुनी महागडी बाटली घेतली की जास्त धूर मिळेल असं अजिबात नाही.

लेखातला 'दवाखान्याचा वास' हा शब्द मात्र बरोबर आहे, मलाही लाफ्रॉइग 10 (आयलाचीच दहा वर्षं मुरलेली धुरकट व्हिस्की) पहिल्यांदा तशीच लागली होती, एक घोट घेऊन बाटली कपाटात ठेवून दिली. काही महिन्यांनी पावसाळ्यात परत काढली, निमुळत्या ग्लासात थोडीशीच ओतली, दहा मिनिटं तशीच राहू दिली आणि चमच्याने थोडं साधं पाणी घातलं. मग नाक जवळ नेलं तर आजीच्या चुलीवर तापलेल्या दुधाचा वास, मागोमाग निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा, आणि जिभेवर शेवटी चक्क गोडवा! पाण्याने काय होतं ते 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशनमधून दाखवलंय, धुरकट वासाचं ग्वायकॉल पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे जास्त येतं म्हणजे आपल्या नाकाजवळ. म्हणून वाईट वाटतं जेव्हा एखाद्या बारमध्ये न विचारता ग्लास बर्फाने गच्च भरून आणतात, गारठ्यात सगळा वासच मिटतो. मी परवा दुसरा ग्लास मागून घेतला.

एक विनंती, पुढचा लेख गोव्याच्या पॉल जॉन या व्हिस्कीवाल्यांवर करा ना. त्यांच्या पीटेड व्हिस्कीसाठी पीट स्कॉटलंडहून येतं पण पिंपं मुरतात गोव्याच्या उकाड्यात, आणि तो धूर नि ते ऊन एकाच घोटात कसं लागतं ते जाणकाराकडून वाचायला फार आवडेल.

आपला नियमित वाचक,
ठाणे