सूचना : बर्फ आणि रविवारचा तिळगूळ समारंभ

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

शनिवारी रात्री न्यू जर्सीत बर्फाचा अंदाज आहे. समारंभ ठरल्याप्रमाणे रविवारी दुपारी ३ वाजता शाळेच्या सभागृहातच होईल. बदल झाल्यास सकाळी १० पर्यंत कळवू.

गाडीबद्दल कळकळीची विनंती. नुसती समोरची काच खरवडून निघू नका. टप, बॉनेट, डिकी, सगळ्या काचा, दिवे साफ करा. न्यू जर्सीत हा कायदाच आहे: बर्फ तसाच ठेवून गाडी चालवली तर २५ ते ७५ डॉलर दंड, आणि तो उडून कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर २०० ते १,००० डॉलर. टपावरची गोठलेली लादी हायवेवर मागच्या गाडीच्या काचेवर आदळते, दंडापेक्षा भीती त्याची आहे. इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू गाडीत शिरतो. मुलांना आत बसवून गाडी गरम करत ठेवू नका.

घरासमोरचा फुटपाथ :
- न्यू जर्सीत बर्फ काढायची मुदत प्रत्येक टाउनशिपची वेगळी; आपली आजच बघून ठेवा.
- क्वीन्सच्या सभासदांनो, न्यूयॉर्क शहरात बर्फ रात्री ९ ते सकाळी ७ दरम्यान थांबला तर सकाळी ११ पर्यंत किमान ४ फूट रुंद वाट मोकळी हवी. बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही.
- शेजारी ज्येष्ठ सभासद राहत असतील तर त्यांचाही फुटपाथ साफ करा. त्यांना फावडं उचलू देऊ नका.

सभागृहाच्या पायऱ्यांवर मीठ टाकायला चार जण दुपारी १ वाजता हवेत. नावं सचिवांना कळवा.

– कार्यकारिणी