तांब्याला धोका सल्फाइडचा

महोदय,
अणुकचरा पुरला की पाणी लागून डबा गंजणारच, असे सरसकट म्हटले जाते. पाणी कोणते, हे आधी पाहायला हवे. फिनलंडमधील ओंकालो येथे ४०० मीटरहून खोल खडकात अणुभट्टीत वापरलेले इंधन पुरण्याची रचना अशी: डब्याच्या आत ओतीव लोखंड, त्यावर सुमारे ५ सेंटिमीटर जाड तांबे, भोवती बेंटोनाइट माती. बोगदा बुजवल्यावर अडकलेला ऑक्सिजन खडकातील लोहखनिजे व सूक्ष्मजीव संपवतात. मग उरतो सल्फाइड, म्हणजे गंधकाचे संयुग. भूजलातील सल्फेटपासून जिवाणू तो तयार करतात आणि तांब्याचे सल्फाइड बनू लागते. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगते. त्या दाबात जिवाणूंना वाढायला वाव राहत नाही, आणि बाहेरचा सल्फाइड निव्वळ विसरणाने (कणाकणाने पसरत), अतिशय सावकाश आत येतो. मात्र पुढील हिमयुगात बर्फ वितळून जवळजवळ क्षारहीन पाणी खाली उतरले, तर हीच माती भेगांतून वाहून जाऊ शकते. सर्वांत नाजूक जागा हीच, असे माझे मत.

डबा फुटलाच, तरी ऑक्सिजनविरहित पाण्यात युरेनियम डायऑक्साइड, म्हणजे मूळ इंधन, जेमतेम विरघळते. लोखंड गंजताना सुटणारा हायड्रोजन त्याला आणखी आवरतो. इंधनातले किरणोत्सारी सीझियम मातीला चिकटते. आयोडीन-१२९ मातीसारखेच ऋणभारित असल्याने चिकटत नाही, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षे!

आपल्या तारापूरला पुनर्प्रक्रियेनंतरचा (वापरलेल्या इंधनातून उपयोगी भाग काढून घेतल्यावर उरणारा) कचरा बोरोसिलिकेट काचेत गोठवतात. तिथे प्रश्न वेगळा: काचेवर पाण्यामुळे बनणारा सिलिकाचा संरक्षक थर किती टिकतो.

– एक भूरसायन अभ्यासक, पुणे