पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याच्यासाठी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या शेतमजुरांचे विषबाधेपासून संरक्षण

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान 20 शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि संरक्षक किटचे वाटपही झाले. त्या हंगामाची कारणमीमांसा तेव्हा पुष्कळ झाली. कपाशी माणसाच्या डोक्याला लागल्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता, गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या कपाशीला) जुमानेनाशी झाल्याने फवारण्या वाढल्या होत्या, हवा दमट होती, दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत कालवली जात होती आणि जोराच्या दाबाने बारीक तुषार सोडणारे पंप गावोगाव आले होते. ही कारणे खरीच आहेत. मात्र त्यानंतरचे बहुतेक उपाय सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्या शेतकऱ्याला समोर ठेवून आखले गेले, आणि पाठीवर पंप घेणारा माणूस पुष्कळदा वेगळाच असतो, ही गोष्ट नजरेआड राहिली. तीच आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कीटकनाशक विकत घेतो शेतकरी, दुकानदाराचे दोन शब्द ऐकतो तोही शेतकरी, आणि कृषी विभागाच्या बैठकीचा निरोप जातो तोही त्यालाच. फवारणी करणारा मजूर यांपैकी कशातच नसतो. अनेक ठिकाणी त्याची मजुरी पंपाच्या हिशोबाने ठरते, म्हणजे दिवसभरात पंपाच्या जितक्या टाक्या फवारून रिकाम्या केल्या तितके पैसे. अशा माणसाने प्रत्येक पंपानंतर हात धुवावेत, वारा फिरला की थांबावे, दुपारच्या उन्हात काम बंद ठेवावे, असे सांगणे सोपे आहे; पण थांबलेल्या प्रत्येक तासाची किंमत त्याच्याच खिशातून जाते. मजुरीची पद्धत ही सुरक्षिततेची बाब आहे असे कोणत्याही माहितीपत्रकात मी वाचलेले नाही, आणि माझ्या मते तीच पहिली बाब आहे.

फवारणीतला सर्वांत धोक्याचा टप्पा पिकात चालताना येत नाही, तो बांधावर कीटकनाशक कालवताना येतो, कारण त्या वेळी हाताला लागणारा द्रव पाण्याने पातळ झालेला नसतो. बाटलीचे सील दाताने ओढले जाते, मापासाठी बाटलीचेच झाकण वापरले जाते, त्यातून ओघळलेला द्रव बोटांवरून मनगटापर्यंत येतो, काठी हाताशी नसली तर बादलीत हातच फिरवला जातो, आणि तोच हात पुढे तंबाखू मळायला वापरला जातो. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकणे ही तर इतकी रुळलेली सवय आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पंपाचे झाकण नीट बसत नसेल किंवा वॉशर झिजला असेल, तर प्रत्येक पावलाला थोडे पाणी पाठीवर सांडते आणि कंबरेपर्यंतचे कपडे दिवसभर ओले राहतात. कीटकनाशक केवळ नाकातोंडाने शरीरात जाते असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात फवारणी करणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः कातडीतून जाते, आणि ऊन व घाम यांनी ते शोषले जाण्याचा वेग वाढतो. त्यामुळे तोंडाला रुमाल बांधला पण अंगावरचा शर्ट भिजलेलाच राहिला, तर त्या रुमालाचा उपयोग फार थोडा.

कायद्यात याची तरतूद नाही असे नाही. कीटकनाशक अधिनियम 1968 चा आणि त्याखालील नियम 1971 चे. या नियमांत कीटकनाशक हाताळणाऱ्याला पुरेशी संरक्षक वस्त्रे असावीत, हातमोजे कोपर आणि मनगट यांच्या अर्ध्यापर्यंत येणारे व द्रव न शोषणारे असावेत, फवारणीच्या कामावरील माणसांची वैद्यकीय तपासणी व्हावी, उत्पादकांनी व वितरकांनी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करावी, असे सारे लिहिलेले आहे. कारखान्यात निरीक्षक जातो म्हणून तेथे यांतले काही पाळले जाते. शेतात ते कोणी पाळायचे, मजूर एका दिवसासाठी ठेवणाऱ्या दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याने की कीटकनाशक विकणाऱ्या कंपनीने, याचे उत्तर व्यवहारात कोणीच देत नाही.

किटविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात अंगभर प्लॅस्टिकचा झगा घालून पाठीवर भरलेला पंप वाहणे कोणालाही जमत नाही, आणि ते किट घरातल्या खुंटीवर लटकते यात मजुराचा हटवादीपणा नाही. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशक-विषयक आचारसंहितेत असे म्हटले आहे की, ज्या कीटकनाशकांसाठी त्रासदायक, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण प्रदेशांतील लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या बाबतीत टाळली जावीत. याचा सरळ अर्थ असा की, माणसाला साधन झेपत नसेल तर बदलायचे ते कीटकनाशक. तोवर पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, पाठीवर पंपाखाली टाकायचा प्लॅस्टिकचा तुकडा, कालवताना नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पायांत बूट इतके जरी प्रत्येक फवारणीला वापरले गेले, तरी ते खुंटीवरच्या झग्यापेक्षा कितीतरी अधिक कामाचे ठरेल.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा उल्लेख प्रत्येक माहितीपत्रकात असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, एवढे बऱ्याच जणांना ठाऊकही असते. पण हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा त्रिकोण त्या एका डब्यातल्या मालापुरता असतो. एका टाकीत दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक आणि वर एखादे टॉनिक ओतल्यावर जे तयार होते, त्याचा त्रिकोण कोणता हे कोणालाच सांगता येणार नाही. एकाच फेरीत सगळे उरकले की मजुरी वाचते, म्हणून ही मिश्रणे होतात. ज्या मिश्रणाची शिफारस नाही ते सुचवणाऱ्या विक्रेत्यावर कारवाई करू शकणारे अधिकारी आपल्याकडे आहेत. फवारणीच्या दोन महिन्यांत ते दुकानात बसलेले दिसले पाहिजेत.

आता दवाखान्याकडे वळतो. चक्कर, उलट्या, अंधारी अशा तक्रारी घेऊन आलेल्या मजुराला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो कोणते औषध फवारले हा, आणि उत्तर बहुधा डब्याच्या रंगाचे मिळते, कारण डबा मालकाच्या गोठ्यात असतो आणि कालवलेले मिश्रण मजुराच्या हाती आलेले असते. या उत्तरावर जीव अवलंबून असतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, स्नायू फडफडतात, आणि तेथे ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्यांचा उपयोग होतो. डायफेंथियुरॉनसारख्या कीटकनाशकावर मात्र असा खास उतारा नाही. तेथे लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक डब्याला फाडून खिशात ठेवता येईल अशी चिठ्ठी असावी, तिच्यावर घटकाचे नाव व उतारा मराठीत ठळक अक्षरांत छापलेला असावा आणि ती फवारणाऱ्याच्याच खिशात राहावी. लेबलचे नियम केंद्राच्या अखत्यारीत आहेत हे मी जाणतो. तो प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा आणि तोवर विक्रेत्याने बिलासोबत अशी चिठ्ठी देण्याची व्यवस्था करावी. जोडीला, कापूस पट्ट्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जुलैपासून ॲट्रोपिनचा पुरेसा साठा आणि रक्तातील कोलिनेस्टरेज (सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत निकामी होणारे विकर) तपासण्याची सोय, आरोग्यमंत्र्यांशी बोलून, आपण करून घ्यावी.

अधिनियमाच्या कलम 26 नुसार विषबाधेच्या घटना कळवणे राज्य शासन अधिसूचनेद्वारे बंधनकारक करू शकते. या अधिकाराचा वापर करून खासगी डॉक्टरांसह सर्वांना ते लागू करावे आणि तालुकावार आकडे हंगाम चालू असतानाच दर आठवड्याला प्रसिद्ध करावेत. सलाइन लावून संध्याकाळी घरी परतणारा मजूर आज कोणत्याच नोंदीत येत नाही. पहिल्या दहा-पंधरा रुग्णांवरच यंत्रणा जागी झाली, तर पुढचे अनेक जण वाचतील.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना होणाऱ्या विषबाधेचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तिचा लाभ वहितीधारक खातेदार (सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी) आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांनाच मिळतो. भूमिहीन मजूर दुसऱ्याच्या शेतात फवारताना मेला, तर त्याच्या घरच्यांना ही योजना 1 रुपयाही देत नाही. एकाच शेतात, एकाच टाकीतल्या विषाने मेलेल्या दोन माणसांत सातबाऱ्यावरून असा भेद राहू नये. फवारणी मजुरांची ग्रामपंचायतीत नोंद करून त्यांना या योजनेत घेण्याचा निर्णय आपल्या सहीने होऊ शकतो.

याच नोंदीवरून प्रशिक्षणही देता येईल. ते तालुक्याच्या सभागृहात दिवसा नको, कारण मजुरी बुडवून कोणी येणार नाही. गावात संध्याकाळी, पंप समोर ठेवून, वॉशर बदलून दाखवत आणि नोझल ब्रशने साफ करून दाखवत ते व्हावे. रिकामे डबे तीन वेळा विसळून, ते पाणी टाकीतच ओतून, डबे भोके पाडून निकामी करावेत, हे सर्वांना माहीत आहे. पण पुढे ते गोळा करायला कोणी येत नसल्याने बांधावर पडून राहतात किंवा घरात पाणी भरायला वापरले जातात. ते परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकावी.

खरिपाची पेरणी जूनमध्ये होते आणि कपाशीवरची जोरदार फवारणी ऑगस्टपासून सुरू होते. मजुरांची नोंदणी आणि अनुदान योजनेतील दुरुस्ती या दोन गोष्टी तरी त्याआधी व्हाव्यात, आणि त्यांचा शासन निर्णय जुलैअखेर निघावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
विदर्भातील एक कापूस उत्पादक शेतकरी